पॉम्पेई आधी, रोम नंतर: कोल्हापूरहून पहिल्यांदा इटलीला निघताना

इटलीला जायचं नक्की झालं की पहिलं काम म्हणजे एका सकाळी टाऊन हॉलला जाऊन यायचं. सीपीआर रुग्णालयासमोरून आपण रोज जातो, पण शाळेच्या सहलीनंतर आतलं संग्रहालय पुन्हा पाहिलेले लोक थोडेच. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं. तिथं सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची छोटी मूर्ती ही या संग्रहालयाची शान. सातवाहनांच्या काळात रोमन साम्राज्यातला माल जहाजानं पश्चिम किनाऱ्याला लागायचा आणि घाट चढून वर यायचा, त्याचीच ही खूण. ती नीट बघून गेलात की इटलीतल्या मूर्तींच्या दालनांतून नुसतेच फोटो काढत पुढं सरकणार नाही. सोमवारी सुट्टी असते, तेवढं बघून जा.

हा लेख स्वतःच्या हिमतीवर, पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. ग्रुप टूरला नावं ठेवायची नाहीत. वयस्कर आई-वडील सोबत असतील, जेवणाची धास्ती असेल तर तोच रस्ता बरा. पण 'चौदा दिवसांत आठ देश' छापाच्या टूरमध्ये रोमच्या वाट्याला दीड दिवस येतो आणि पॉम्पेई बहुतेक वेळा गळतंच. दोन हजार वर्षांचा ऐवज बसच्या खिडकीतून बघायचा तर एवढे पैसे मोडायचे कशाला?

शहरं तीनच, आणि ती या क्रमानं

नऊ रात्री धरा. नेपल्स तीन, रोम चार, फ्लॉरेन्स दोन. व्हेनिस, पिसाचा मनोरा, स्वित्झर्लंडचा बर्फ हे सगळं पुढच्या वेळेला ठेवा. घरातलं कुणीतरी 'एवढ्या लांब जाऊन व्हेनिस नाही?' म्हणणारच. म्हणू द्या.

नेपल्स आधी का, तर पॉम्पेईसाठी, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन गाव पाहण्यासाठी. रोममधला फोरम, म्हणजे जुन्या शहराचा मुख्य चौक, आज नुसते पडके खांब, चौथरे आणि विटांचे ढिगारे. कुठं काय होतं हे डोळ्यांपुढं आणायला आधी एखादं अख्खं रोमन गाव पाहिलेलं असावं लागतं. पॉम्पेईत रस्ते, दुकानं, घरं, स्नानगृहं, देवळं सगळं जागच्या जागी आहे. तिथून रोमला आलात की फोरममधले तेच दगड बोलायला लागतात. उलट क्रमानं गेलेले लोक फोरममध्ये अर्ध्या तासात सावली शोधायला लागतात.

विमानाचं तिकीट 'मल्टी सिटी' काढा: मुंबईहून रोम, परतीला मिलानहून मुंबई. बहुतेक पर्याय आखातातून किंवा इस्तंबूलहून एक थांबा घेऊन जातात. रोमला उतरून त्याच दिवशी ट्रेननं नेपल्स, मग परत वर रोम, फ्लॉरेन्स आणि शेवटी मिलान. पुन्हा मागं येण्यात दिवस जात नाही.

केव्हा जायचं

जुलै-ऑगस्टमध्ये चुकूनही नको. पारा पस्तिशीच्या वर जातो, पॉम्पेईत सावली जवळजवळ नाही आणि १५ ऑगस्टच्या आसपास तिथली माणसंच सुट्टीवर गेलेली असतात. एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य, किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, हे उत्तम. शाळेत मुलं असतील तर आपल्याकडे परीक्षा संपतात तेव्हा तिथं वसंत असतो, हे सोयीचं. दिवाळीची सुट्टीही चालते, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात आणि संध्याकाळ लवकर होते. उघड्यावरची जुनी ठिकाणं सूर्यास्ताच्या हिशेबानं बंद होतात, त्यामुळं दुपारनंतरचा बेत आखडता घ्यावा लागतो.

कागदपत्रं: इथं घाई नडते

पासपोर्टसाठी आता पुण्याला खेटे घालायला नकोत, कोल्हापुरातच पोस्टाच्या पासपोर्ट केंद्रात काम होतं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

इटलीचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. मे महिन्यात जायचं असेल तर अपॉइंटमेंटसाठी जानेवारीतच बसा. उन्हाळ्याची गर्दी सुरू झाली की तारखा मिळत नाहीत. फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. हिशेबाला युरो शंभर रुपयांच्या थोडा वर धरा.

बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात स्वतः जावं लागतं. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसून सकाळी उतरायचं असेल तर नऊची अपॉइंटमेंट घेऊ नका, अकरा-बाराची घ्या. गाडीला उशीर झाला तर जीव टांगणीला लागतो.

व्हिसा अडतो तो बहुधा कागद एकमेकांशी न जुळल्यानं. नोकरीवाल्यांचं सोपं असतं: पगाराच्या पावत्या, रजा मंजुरीचं पत्र, आयकर विवरण, बँक स्टेटमेंट. आपल्याकडे प्रश्न येतो शेतीवाल्यांचा आणि दुकानदारांचा. शेतीचं उत्पन्न असेल तर सातबारा, आठ-अ आणि कारखान्याची ऊसबिलं जमा झालेलं खातं दाखवा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. व्यवसाय असेल तर शॉप ॲक्ट, जीएसटी आणि चालू खात्याचं स्टेटमेंट. अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून चार लाख घेऊन खात्यात टाकायचे, ही युक्ती बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. मागच्या काही महिन्यांत खातं जसं चालतं तसंच दिसू द्या आणि सोबतच्या पत्रात खर्च कोण करणार, कुठं किती रात्री राहणार, परत का येणार हे साध्या भाषेत लिहा. हॉटेलं रद्द करता येतील अशीच बुक करा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या दिवसांना पुरणारा हवा.

नावाचं एक बघा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असेल, आधारवर वेगळं आणि बँकेत तिसरंच असेल, तर ते आधी निस्तरा. विमान, विमा, पुढं कलोसियमचं (रोममधल्या प्राचीन प्रेक्षागृहाचं) तिकीटसुद्धा पासपोर्टवरच्या नावानंच काढा.

निघण्यापूर्वी काढायची तिकिटं

कलोसियम आणि पॉम्पेईची तिकिटं नावानिशी असतात. कलोसियमची साधारण तीस दिवस आधी अधिकृत संकेतस्थळावर खुली होतात आणि चांगल्या वेळा भराभर संपतात. साधं तिकीट १८ युरोचं, त्यातच फोरम आणि पॅलेटाइन टेकडी येते. त्याच नावासारखी दिसणारी दलालांची संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, पत्ता नीट वाचा. पॉम्पेईला २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. व्हॅटिकनची संग्रहालयं, फ्लॉरेन्सची उफिझी ही चित्रशाळा आणि डेव्हिडचा पुतळा असलेली अकॅडेमिया यांचंही आधीच बघा. रोममधल्या पँथिऑन या प्राचीन देवळात पूर्वी फुकट जाता यायचं, २०२३ पासून ५ युरो आहेत.

वार लिहून ठेवा: नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद, उफिझी आणि अकॅडेमिया सोमवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी (महिन्यातला शेवटचा रविवार सोडून). महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी वास्तू फुकट असतात. त्या दिवशी तिथं पाऊल ठेवू नका, अख्खी इटली आलेली असते.

शहराशहरांतल्या वेगवान गाड्यांची तिकिटं आधी काढली तर चांगलीच स्वस्त पडतात. रोम ते नेपल्स सव्वा तासाच्या आत, रोम ते फ्लॉरेन्स दीड तास. मात्र उतरल्या दिवसाची नेपल्सची गाडी विमानाच्या वेळेपासून चार तास सोडून घ्या. २०२५ च्या ऑक्टोबरपासून शेंगेन सीमेवर शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं आली आहे आणि रांग रेंगाळू शकते. विमानतळावरून रोमच्या तेर्मिनी स्टेशनला थेट गाडी आहे, ३२ मिनिटं, १४ युरो.

पॉम्पेई

नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनच्या खालच्या मजल्यावरून सोरेंतोकडे जाणारी लोकल पकडायची. पाऊण तासाच्या आत 'पोम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी' येतं. पॉम्पेई नावाची दुसरीही स्टेशनं आहेत, तिथं उतरू नका. ही लोकल जुनी, खचाखच आणि खिसेकापूंची आवडती. पाकीट पुढच्या खिशात, सॅक पोटावर.

दार नऊला उघडतं. आत शिरल्याबरोबर सगळे गट फोरमकडे वळतात. तुम्ही तिथं थांबू नका. सरळ मुख्य रस्त्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला जा आणि अँफिथिएटरपासून उलट या. इ.स.पू. ७० च्या सुमाराचं हे दगडी अँफिथिएटर कलोसियमहून दीडशे वर्षांनी जुनं आहे, आणि सकाळी तिथं शांतता असते.

परतताना रस्त्याकडे बघा. मधोमध उंच दगड रोवलेले दिसतात. रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची, तेव्हा पाय न भिजवता पलीकडे जायला ते ठेवलेले. दगडांमधल्या फटी गाड्यांच्या चाकांच्या मापाच्या, आणि त्यांच्या पुढं-मागं लोखंडी धावांनी फरशीत कोरलेल्या चाकोऱ्या. बोट घालून खोली बघा. मग कोपऱ्याकोपऱ्यावरचे दगडी ओटे. वरच्या फरशीत गोल भोकं, त्यात बसवलेले मातीचे रांजण, आपल्या मिसळवाल्याच्या कट्ट्यासारखी सगळी मांडणी. घरी चूल नसलेली माणसं इथंच जेवायची. जवळपास एखादी बेकरी सापडते: काळ्या लाव्हाच्या दगडाची मोठी जाती आणि मागं भट्टी. अशाच एका भट्टीत कोळसा झालेले पाव मिळाले, ते नेपल्सच्या संग्रहालयात आहेत.

शेजारचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी इ.स. ७९ मध्ये फुटला. तारीख २४ ऑगस्ट मानली जायची, पण २०१८ मध्ये भिंतीवर कोळशानं लिहिलेला एक मजकूर सापडला आणि स्फोट ऑक्टोबरमध्ये झाला असावा असं आता म्हणतात. राखेत गाडलेल्या माणसांच्या जागी उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून १८६३ पासून आकृत्या काढल्या गेल्या. मुलं सोबत असतील तर त्या दाखवायच्या का, हे आधी ठरवून ठेवा. गावाचा साधारण तिसरा हिस्सा अजून मातीखालीच आहे.

चार तास पुरे. बाटली न्या, आत नळ आहेत. मोठी सॅक आत सोडत नाहीत, ती दाराशी ठेवून घेतात.

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला वेगळा दिवस द्या. पॉम्पेईतली चित्रं, मोझेक, भांडी सगळी इथं आणलेली आहेत. आपल्यासाठी इथली एक वस्तू सगळ्यांत मोलाची: १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली भारतीय हस्तिदंती बाई. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात. बरेच अभ्यासक ती यक्षी मानतात, पण अंबाबाईच्या गावच्या माणसाला हात जोडायला तेवढं नाव पुरतं. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडली आहे. म्हणजे ब्राँझचा देव इकडं येत होता तेव्हा हस्तिदंत तिकडं जात होतं. ती कोणत्या दालनात आहे हे दाराशीच विचारा, नाहीतर तिसऱ्या मजल्यापर्यंत उगाच पायपीट.

रोम

दिवसाला एकच मोठी वास्तू. पहिल्या दिवशी कलोसियम आणि फोरम, दुसऱ्या दिवशी व्हॅटिकन, तिसऱ्या दिवशी पँथिऑन आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या, चौथा मोकळा. मोकळा दिवस रिकामा ठेवायचाच, पाय दुखून तो आपोआप भरतो.

कलोसियम इ.स. ८० मध्ये टायटसनं खुलं केलं, ते बघाच. पण माझं मत विचाराल तर रोममध्ये सगळ्यांत जास्त वेळ पँथिऑनला द्या. हेड्रियनच्या काळातली, इ.स. १२६ च्या सुमाराची ही इमारत आजवर सलग वापरात आहे. घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या थोडा वर आणि जमिनीपासून माथ्याची उंचीही तितकीच, म्हणजे आत एक पूर्ण गोल बसेल. आत लोखंडी गज नाहीत. वर जाईल तसं काँक्रीट हलकं करत नेलं, माथ्याजवळ सच्छिद्र ज्वालामुखी दगड मिसळला आणि मधोमध नऊ मीटरचं भोक मोकळंच ठेवलं. पाऊस आत पडतो. फरशी मध्ये किंचित फुगीर आहे आणि तिच्यात पाणी जायला बारीक छिद्रं आहेत, शोधलीत तर सापडतील. पाऊस लागला तर हॉटेलवर पळू नका, इथं या.

व्हॅटिकन आणि कोणत्याही चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस, फुल पँट असेल तर काही प्रश्न नाही, बर्म्युडावाले पुरुषच अडकतात. सिस्टिन चॅपलमध्ये फोटो चालत नाहीत. रस्तोरस्ती लोखंडी नळ सतत वाहत असतात, त्यांचं पाणी बिनधास्त प्या. स्पॅनिश स्टेप्सवर बसलात तर दंड. भिंतीवर नाव कोरणं हा तिथं गुन्हा आहे, २०२३ मध्ये कलोसियमवर नाव कोरणाऱ्या पर्यटकावर कारवाई झाली. पन्हाळ्याच्या भिंती बघून आलेल्या माणसाला हा कायदा फार गोड वाटतो.

फ्लॉरेन्समध्ये आपलं एक ठिकाण

उफिझी, कॅथीड्रलचा घुमट (४६३ पायऱ्या, गुडघ्यांना विचारून चढा) हे सगळी गाइडबुकं सांगतात. कोल्हापूरकरानं अर्धा दिवस काशिने बागेसाठी राखून ठेवावा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तेव्हा तिथं दहनाची रीत नव्हती. खास परवानगी घेऊन आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीनं अंत्यसंस्कार झाले. १८७४ साली तिथं छत्री उभी राहिली, आत फुलर या इंग्रज शिल्पकारानं घडवलेला रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, म्हणजे ज्यानं आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा आखला तोच. शेजारच्या मोठ्या पुलालाही 'इंदियानो' हेच नाव पडलं आहे.

बाग तीन किलोमीटरहून लांब आणि छत्री अगदी पश्चिमेच्या टोकाला. शहराकडच्या फाटकातून चालत पाऊण-एक तास लागतो, सायकल भाड्यानं घेतली तर उत्तम. मंगळवारी सकाळी बागेत मोठा बाजार भरतो. हार-फुलं घेऊन जायची असतील तर ती शहरातच घ्या, तिथं काही मिळत नाही.

पोट, पाय आणि परतीची बॅग

मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे सुक्कं मटण तर सोडाच, पेढे, बर्फी आणि तूपही नको. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग चालतं. मसाला दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास.

तिखट हवं असेल तर 'आराब्बियाता' पास्ता मागा, आणि वर मिरचीचं तेल मागून घ्या. तांबड्या रश्श्याची सर येणार नाही. शाकाहाऱ्यांना मार्गेरिता, मारिनारा पिझ्झा, टोमॅटोचा पास्ता हे हमखास मिळतं. काटेकोर असाल तर एवढं माहीत असू द्या की परमेजान चीज वासराच्या रेनेटनं, म्हणजे जठरातून काढलेल्या विरजणानं, बनवतात. मारिनारात चीजच नसतं. रात्रीचं जेवण साडेसातशिवाय मिळत नाही. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो दिसतील, ती फसवणूक नाही. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात की महाग. नुसतं 'लाते' मागितलंत तर दूधच येईल.

चपलेचं सांगायलाच हवं. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीची नक्कल झळकली आणि गावभर चर्चा झाली, पण रोमच्या काळ्या दगडी रस्त्यांवर खरी कोल्हापुरी घालून फिरू नका. गुळगुळीत तळव्यानं पाय घसरतो. जाड सोलचे, महिनाभर रंकाळ्यावर फिरून मऊ झालेले बूट घाला.

हॉटेलात माणशी रोजचा शहर-कर वेगळा द्यावा लागतो, थोडी रोकड जवळ ठेवा. मूळ पासपोर्ट हॉटेलवाले नोंदीला मागतात. अडचणीत ११२.

एकाच दुकानात ७० युरोच्या वर खरेदी झाली तर बिल करताना 'टॅक्स फ्री'चा कागद मागून घ्या, पासपोर्ट दाखवावा लागतो. मिलानच्या विमानतळावर बॅग आत टाकण्यापूर्वी त्या कागदाची कस्टम्समध्ये नोंद करा, कारण ते वस्तू बघायला मागू शकतात. त्यासाठी विमानाच्या नेहमीच्या वेळेपेक्षा तासभर आधी पोचा.